नजरेखालचे आठ तास

माणूस आपल्या मर्यादा ओलांडतो तेव्हाच तो खऱ्या अर्थानं माणूस होतो, असं रेमिजिओ लुपारेल्लो सकाळपासून सांगत होते. सांता फे शहरातल्या बेकऱ्यांतून, न्हाव्याच्या दुकानांतून आणि नदीवरच्या झाडून साऱ्या होड्यांमधल्या रेडिओवरून ते हे सांगत होते, आणि सांगताना ते स्टुडिओत पंख्याखाली बसले होते. दर फेब्रुवारीत सांता फेपासून सान एलॉयपर्यंतची ही पोहण्याची शर्यत ते तोंडानं पोहत आले होते. प्रत्यक्ष पाण्याशी त्यांचा संबंध दाढीपुरताच होता. एव्हारिस्तो बोनफांतीच्या कानावर त्यांचं वाक्य तुकड्यातुकड्यांनी येत होतं. डाव्या बाजूला तोंड वळवून श्वास घेतला की ‘माणूस आपल्या’, मग डोकं पाण्यात, घुमणारा तपकिरी अंधार, पुन्हा श्वास आणि ‘खऱ्या अर्थानं’, पुन्हा अंधार, पुन्हा श्वास आणि ‘चविष्ट, न चिकटणाऱ्या शेवयांच्या सौजन्यानं’. एव्हारिस्तोला वाटलं, असंच ऐकावं सगळं. आयुष्यभर लोकांची वाक्यं आपण पुरी ऐकत बसलो, ही चूकच झाली.

चोपन्नाव्या वर्षी, पोट सुटलेलं असताना आणि पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीत उभी हयात गेलेली असताना हा माणूस पाराना नदीत आठ तास पोहायला का उतरला, हे त्याला पुष्कळांनी विचारलं होतं. कचेरीतला ओस्बाल्दो म्हणाला होता, “बोनफांती, मरायचंच असेल तर निदान पेन्शन खाऊन मर ना! घाई कसली आहे?” खाटिक म्हणाला होता, “या वयात लोक बाई ठेवतात, साहेब. अंग तरी कोरडं राहतं.” एव्हारिस्तो सगळ्यांना सांगायचा, आव्हान आहे. हा शब्द त्यानं लुपारेल्लोंकडूनच उचलला होता आणि तो सगळीकडे चालायचा, सुट्या पैशांसारखा. खरं कारण इतकं लहान होतं की बोलून दाखवलं असतं तर तेवढ्यातच संपलं असतं. शर्यतीच्या नियमांत एक नियम असा होता की प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर होडीत एक सोबती असला पाहिजे, आणि वाटेतल्या रेल्वेपुलाच्या पलीकडे पोहणारा ताब्यात आल्यापासून सान एलॉयच्या धक्क्याला लागेपर्यंत त्या सोबत्यानं त्याच्यावरची नजर काढता कामा नये. एव्हारिस्तो त्या नियमासाठी पाण्यात उतरला होता.

त्याचं मूळ एका दारात होतं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी किल्ली कचेरीत राहिली म्हणून त्यानं स्वतःच्याच घराची घंटा वाजवली. त्याची बायको एल्बा हिनं दार उघडलं आणि म्हणाली, “हं, काय हवंय?” पापणी लवेपर्यंतच. गॅसवाल्याकडे बघावं तसं सभ्यपणे, थोडं वरवर, मागे सिलिंडर दिसतोय का अशा बेतानं तिनं त्याच्याकडे बघितलं होतं. मग म्हणाली, “अरे, तू होय! ये, पाव संपलाय.” एवढंच. तो परत जाऊन पाव घेऊन आला. जेवण झालं, भांडी झाली. पण त्या पापणीएवढ्या वेळात तो कोणीच नव्हता, आणि पाव आणायला जो माणूस गेला तो नक्की कोण होता हे त्याला पुढे बरेच दिवस उमगेना. एल्बाचा काही दोष नव्हता. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर एक डोळा मिटून ती दुसऱ्यानं शहरातल्या अनोळखी माणसांच्या तांबड्या-पांढऱ्या पेशी मोजायची आणि घरी यायची तेव्हा तिच्याकडची नजर संपलेली असायची. लग्नाच्या आधी नाचाच्या हॉलमध्ये तिनं त्याला सांगितलं होतं की तू खोटं बोलतोस तेव्हा तुझ्या डाव्या भुवईवरची शीर हलते. त्याच्या आईलाही हे माहीत नव्हतं. अलीकडे तो बिनदिक्कत खोटं बोलायचा, आणि त्यात काडीची मजा येत नव्हती.

तर त्यानं तिला विचारलं होतं. ती शब्दकोडं सोडवत होती.

“होडीत बसशील का माझ्या?”

“मी? मला कुठं पोहता येतं?”

“पोहायचं नाहीये. बघायचंय.”

“किती वेळ?”

“सात-आठ तास.”

“आठ तास तुला बघायचं?” तिनं मान वर केली नाही. “जाड्या, इतक्या वर्षांत सगळे मिळून तरी तेवढे भरतील का रे?” मग एक शब्द लिहिला, खोडला, आणि म्हणाली, “बसेन. उन्हाची टोपी लागेल.”

टोपी लागली नाही. शेवयांच्या कंपनीनं सगळ्या सोबत्यांना पिवळ्या रुंद टोप्या दिल्या आणि सगळ्या पोहणाऱ्यांना केशरी, घट्ट, कान दाबणाऱ्या. काठावर सकाळी शंभरेक केशरी डोकी उभी होती. काड्यापेटी उघडावी तशी. दंडावर शाईनं प्रत्येकाचा नंबर घातला होता. त्यावर एव्हारिस्तोनं काखेत आणि खांद्यांना चोळायची चरबी मनसोक्त चोळली, कारण जुने लोक चोळायचे असं त्यानं ऐकलं होतं. जुने लोक नंबर पुसला जातो तेही बोलले असतील, पण तेवढं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. चष्मा त्यानं एल्बाच्या पिशवीत टाकला. ती तिच्या होडीकडे निघाली. होड्या रेल्वेपुलाच्या पलीकडे थांबलेल्या असत, आणि माशांच्या थव्यासारखा लोंढा आला की ज्यानंत्यानं आपापला माणूस वेचून घ्यायचा. जाताना एल्बा म्हणाली, “हात लांब टाक.” त्याच्याकडे बघून म्हणाली की होडीकडे बघून, हे चष्म्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

पुलाखाली लाथा, कोपरं, कुणाची तरी टाच नाकावर, आणि मग एकदम मोकळं पाणी. श्वासाला तोंड वळवलं तर डावीकडे होडी आलेली. धुक्यातून दिसावी तशी लांबट, हिरवी, आणि तिच्यात एक पिवळा गोल, आणि तो गोल त्याच्याकडे वळलेला. हे कळायला चष्मा लागत नाही. कुणी आपल्याकडे बघत असलं की पाठीची कातडी जरा जवळ येते, थंडीत पांघरूण ओढल्यासारखी. एव्हारिस्तो त्या नजरेखाली शिरला आणि पोहू लागला. चार हात, श्वास, पिवळा गोल. चार हात, श्वास, पिवळा गोल. तो हलत नव्हता. बाकीच्या होड्यांतले गोल रेडिओकडे, एकमेकांकडे, सँडविचकडे वळत असावेत. हा नव्हता वळत. कधीतरी तिथून आवाज आला, “चल बाळा, चल.” बाळा! लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला ताप आला होता तेव्हा एल्बा तसं म्हणायची, थट्टेनं, आणि ओला रुमाल कपाळावर टाकायची. त्याच्या पुढेमागे ती आणखी काहीतरी बोलत होती, गुणगुणल्यासारखं, पण ते शब्द ओळखीचे वाटेनात. कानात पाणी गेलंय, एव्हारिस्तोला वाटलं. पाण्यातून आलेलं प्रेम थोडं परकं लागणारच.

ऊन वर आलं तशी नदी रुंद होत गेली, आणि मग तिला काठच उरले नाहीत असं वाटू लागलं. हात आपोआप पडत होते. मन कुठल्यातरी दुपारी जाऊन बसलं होतं. आठ वर्षांचा एव्हारिस्तो, दुपारी एक ते चार सारी गल्ली झोपलेली, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, कुत्रीसुद्धा कुशीवर. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि टाकीला वीतभर रुंदीचा काठ. खाली फरसबंद अंगण. तो त्या काठावर चढला आणि हात पसरून पुरी फेरी मारली. पाय तापलेल्या सिमेंटवर भाजत होते, आणि समोर सगळं शहर होतं, गच्च्या, दोऱ्यांवरचे कपडे, लांब नदीची पट्टी, आणि त्यात एकही उघडा डोळा नव्हता. फेरी पुरी करून तो खाली उतरला. आई चार वाजता उठली आणि म्हणाली, तोंड धू. धाडस झालं होतं, साक्षीदार झोपले होते. मोठेपणी त्यानं डोंगर चढणाऱ्यांच्या, समुद्र ओलांडणाऱ्यांच्या हकिकती वर्तमानपत्रांत वाचल्या, आणि ते जे बोलत, निसर्गाची हाक, स्वतःचा शोध, त्यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही. स्वतःचा शोध घ्यायला कुणी छायाचित्रकार बरोबर नेत नाही. शंभर माणसं जीव धोक्यात घालून आज या नदीत उतरली होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी दार उघडून ‘काय हवंय’ म्हणालं असलं पाहिजे, असं त्याला वाटत गेलं.

एकदा बदल म्हणून त्यानं उजवीकडे श्वास घेतला. तिकडे माणूस नव्हतं. अगदी हाताशी जलपर्णीचं एक हिरवं बेट होतं, खाटेएवढं, जांभळ्या फुलांचं, आणि त्यावर एक बगळा एका पायावर. बेट त्याच्या बरोबरीनं चाललं होतं. तो हात मारत होता, ते काही करत नव्हतं, आणि दोघं जोडीनं सान एलॉयकडे जात होते. बराच वेळ त्यानं बेटाला मागे टाकायचा प्रयत्न केला. बगळ्यानं पाय बदलला. मग एव्हारिस्तोनं तो नाद सोडला आणि बेटाकडे शेजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं, आणि पुन्हा तोंड डावीकडे वळवलं. पिवळा गोल तिथंच होता. बगळ्याला कोण बघत होतं? कुणी नाही. हाच काय तो फरक.

दुपारी होडीतून लांब काठी पुढे आली. तिच्या टोकाच्या कड्यात पेला होता. होडीला हात लावला की शर्यत संपते, म्हणून ही काठी. तो उताणा झाला, पेला तोंडाला लावला आणि एल्बाच्या आळणी रश्श्याची वाट बघणाऱ्या जिभेवर साखर आली. जाळलेली, तपकिरी, धुरकट वासाची साखर, कडवट पानांच्या काढ्यात विरघळवलेली. एल्बाच्या घरात साखर नव्हती. त्याच्या रक्ताचा एक थेंब तिनं प्रयोगशाळेत तपासला होता त्या दिवसापासून, गेली कित्येक वर्षं, साखर नव्हती, जॅम नव्हता, नाताळात बदामाची वडी नव्हती. कुठल्याही मर्यादा ओलांडायच्या असल्या तरी एल्बा ही मर्यादा ओलांडणार नाही, हे एव्हारिस्तोला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं माहीत होतं. त्यानं पेला शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. मग उताणाच राहून, आभाळाकडे बघत, त्याला सगळं कळलं. ही एल्बा नव्हती.

“दमलाय हो मुलगा तुमचा,” होडीतून पुरुषाचा आवाज आला. भाड्यानं ठरवलेला होडीवाला असावा.

“दमेना का! लहानपणापासून असाच आहे,” बाई म्हणाली. आता कान मोकळे होते. आवाज म्हातारा होता, उत्तरेकडचा, पाराग्वेच्या बाजूचा, मधूनमधून तिकडच्या ग्वारानी बोलीचे शब्द पेरलेला. “आधी दमतो आणि मग हट्टाला पेटतो. बापावर गेलाय मेला.”

“एरवी याहून जोरात पोहतो म्हणालात ना?”

“तुला काय करायचंय? तू वल्हव. मला मेलीला मोतीबिंदू झालाय, पण माझं पोर मला टोपीवरनं कळतं.”

“मला काय, मावशी, टोपी दिसली की तिच्यामागं जायचं. पाण्यात सगळे सारखेच.”

इथं एव्हारिस्तोनं बोलायला हवं होतं. तोंड बाहेर होतं, श्वास होता, आणि वाक्यही काही अवघड नव्हतं: बाई, मी तुमचा नाही. त्यानं ते मनात जुळवलंसुद्धा. मग तो पालथा झाला आणि पोहू लागला. पहिले काही हात त्याला वाटत होतं, पुढच्या श्वासाला सांगू. मग पुढच्या. या पाण्यात कुठंतरी पुढं एक जवान पोरगा आईशिवाय पोहत होता, आणि त्याच्या वाट्याची साखर आपण पिऊन बसलो. त्याहून वाईट म्हणजे तिथंच कुठंतरी एल्बा दुसऱ्या कुणाकडे बघत होती. सकाळपासून. ‘जाड्या, हात लांब टाक’ असं त्याला म्हणत होती आणि तो टाकत होता, सुरेख टाकत असणार, आणि तिला वाटत असणार, अरे, आपला नवरा असा आहे होय. हे मनात आलं आणि त्याचा पुढचा हात तिरपा पडला. चमक होती की मत्सर, पाण्यात वेगळं काढता येईना. पण नजर तशीच पाठीवर होती. ती त्याच्यासाठी नव्हती हे आता ठाऊक होतं आणि तरी ती तितकीच ऊबदार होती, चुकून आपल्या पत्त्यावर आलेल्या पार्सलातल्या लोकरीच्या बनियनसारखी. परत करायलाच हवी. हिवाळा गेल्यावर करू.

सान एलॉयच्या अलीकडे नदी वळण घेते आणि तिथं धार पोहणाऱ्याला मधोमध खेचते. तिथं त्याचे पाय गेले. आधी पोटऱ्या दगड झाल्या, मग मांड्या, मग हात दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे पडू लागले, आणि मग एकदा ते पडलेच नाहीत. तो खाली गेला. खाली अंधार नव्हता, जाळलेल्या साखरेच्या रंगाचा उजेड होता, आणि कमालीची शांतता, दुपारी एक ते चारची. लुपारेल्लो नव्हते. कुणी काही विचारत नव्हतं. इथं बरं आहे, त्याला वाटलं, आणि हे वाटताना भीती नव्हती, याचीच पुढे त्याला अनेक वर्षं भीती वाटली. मग त्या शांततेत काहीतरी कमी असल्याचं जाणवलं, घड्याळ बंद पडलं की जाणवतं तसं. पाठीची कातडी सैल झाली होती. खाली नजर पोचत नव्हती. एव्हारिस्तो हातपाय झाडत वर आला आणि वर बाई उभी होती, डुलत्या होडीत, टोपी मागे पडलेली.

“धर! होडी धर, राजा! गेली खड्ड्यात शर्यत!” ती ओरडत होती. “ए वल्हव्या, जवळ घे, मेल्या!”

होडीची कड हातभर अंतरावर आली. ओलं, हिरवं, शेवाळलेलं लाकूड. हात लावला की संपलं. पण हात लावला की ती वाकणार, खांद्याला धरून ओढणार, आणि इतक्या जवळून मोतीबिंदूलाही दिसतं. मग ती त्याच्याकडे बघणार नाही. मागे, पुढे, नदीभर आपलं पोरगं शोधत बघेल, आणि तो होडीच्या तळाशी ओल्या पोत्यासारखा पडून राहील. एव्हारिस्तोनं मान हलवली, नाही. होडीपासून एक हात लांब सरकला. आणि मग आणखी एक. जगातला कुठलाही माणूस शेवटचा टप्पा कसा पार करतो याचं रहस्य त्याला तेव्हा उलगडलं. त्यात मोठं काही नव्हतं. थांबलं की तोंड दाखवावं लागतं.

“बघा,” म्हातारी होडीवाल्याला सांगत होती, आणि तिचा आवाज रडका झाला होता. “सांगितलं नव्हतं? हट्टी!”

सान एलॉयच्या धक्क्यावर ऊन तिरपं झालं होतं तेव्हा त्याच्या हाताला फळी लागली. कुणीतरी ओढलं, कुणीतरी चादर टाकली, बँडवाले घरी गेले होते. तो बसून होता आणि सगळं जग पाणी होतं. तेवढ्यात दोन खडबडीत तळव्यांनी त्याचं तोंड धरलं आणि एक म्हातारा चेहरा बोटभर अंतरावर आला, दुधाळ डोळ्यांचा.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हा कोण?”

“बोनफांती,” एव्हारिस्तो म्हणाला. “पाणीपुरवठा खातं.”

तिनं बराच वेळ त्याचं तोंड सोडलं नाही. मग म्हणाली, “असू दे. थंड झालायस. पी,” आणि थर्मासातला उरलेला काढा त्याच्या हातात दिला. इतक्यात मागून “आई!” अशी हाक आली आणि फेलिसियानाबाई, कारण हेच म्हातारीचं नाव होतं, ताडकन उठल्या आणि त्या सडपातळ, काळ्यासावळ्या, केव्हाच अंग पुसून झालेल्या पोराला पिवळ्या टोपीनं बडवू लागल्या. “होतास कुठं रे क्रेसेन्सिओ? कुणाच्या होडीशी गेलास? आं?”

“अगं, पुढं होतो! मार खायला आठवा आलो का मी?” तो हसत डोकं वाचवत होता. मग त्याला एव्हारिस्तो दिसला. “तुम्हीच ते जाडे काका काय? नमस्कार आहे तुमच्या बाईंना. पहिल्या तासातच मी त्यांना सांगितलं, बाई, मी तो नव्हे. म्हणाल्या, ते दिसतंय मला, तू पोह. नंतर पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, बडबडू नको, दम लागेल. माझ्याकडे एकदा बघितलं असेल तर शपथ! सगळा वेळ मागं तोंड करून बसलेल्या. रस्सा द्यायच्या तोही मागं बघत. अर्धा माझ्या कानात गेला.”

एल्बा त्याच्यामागून आली. तिनं पिशवीतून चष्मा काढून एव्हारिस्तोच्या नाकावर ठेवला, आणि जग एकदम कडा असलेलं झालं. तिचं नाक उन्हानं सोललं होतं आणि मान जरा तिरकी होती.

“मागं वळव म्हटलं त्या होडीवाल्याला,” ती म्हणाली. “म्हणाला, धारेच्या उलट जायला मी काय आगबोट आहे? मग काय करणार. बघत बसले.”

“दिसत होतं काही?”

“टोप्या. केशरी टोप्याच टोप्या. प्रत्येक टोपी तूच. एक बुडाली की मी अर्धी उठायचे, वर आली की दुसराच कुणीतरी.” तिनं स्वतःची पिवळी टोपी काढली. “इतक्या वेळा मेलास आज तू, जाड्या, की मला रडायचाही कंटाळा आला.” मग तिनं त्याच्या हातातला पेला घेतला, हुंगला आणि परत दिला. “तुला कळलं नाही का, होडीत मी नव्हते ते?”

“चष्मा नव्हता ना,” एव्हारिस्तो म्हणाला.

सान एलॉयहून परतीची बस संध्याकाळी होती आणि पोहणाऱ्यांना तिकीट माफ होतं, पण ज्याच्या अंगावर नंबर दिसतो त्यालाच, म्हणून त्याला पुरं भाडं भरावं लागलं. नदीला आठ तास लागले होते त्या अंतराला बसला तास लागतो. एव्हारिस्तो एल्बाच्या डावीकडे बसला आणि वाट बघत राहिला. कसली, ते त्याला पुरतं सांगता आलं नसतं. सांगायचं होतं आणि सांगताना तिनं बघायला हवं होतं, असं काहीतरी. एल्बा उजवीकडच्या खिडकीतून मक्याची शेतं बघत होती. पहिल्या थांब्यापर्यंत बघत होती, दुसऱ्यापर्यंतही. आठ तास उजव्या खांद्यावरून मागं बघून तिची मान तिकडेच धरली होती, आणि पुढचे चार दिवस ती डावीकडे वळली नाही.